सोबतच्या माणसाची लाळ

पाऊस नुकताच थांबलाय. न्यूरॉलॉजीच्या ओपीडीबाहेरचा कॉरिडॉर ओल्या छत्र्या, एमआरआयच्या फिल्मच्या पिशव्या आणि माणसं यांनी भरून गेलाय. दक्षिण दिल्लीतलं मोठं सरकारी रुग्णालय, सकाळचे पावणेनऊ. बाकांवर बिहार आहे, मेवात आहे, बुलंदशहर आहे, आणि अगदी कडेच्या बाकावर सांगली जिल्हा आहे.

सांगली जिल्हा म्हणजे एक काका आणि काकू, विट्याजवळच्या गावचे. काकांची हयात चांदणी चौकात, कूचा महाजनीच्या सराफ बाजारात सोनं-चांदी गाळण्यात गेली. खानापूर-आटपाडीकडचे हे गलाईवाले देशभर पसरलेत. सराफकट्टा असलेल्या कुठल्याही शहरात चौकशी करा, विट्याकडचं एखादं घर निघतंच. काकांच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर एका लयीत फिरतोय. चहाच्या कपाकडे हात गेला की फिरणं थांबतं, हात मांडीवर विसावला की पुन्हा सुरू होतं. कंपवाताची ही खूण डॉक्टर लांबूनच ओळखतात: हात रिकामा असताना थरथरतो, कामाला लागला की शांत होतो. पण आटवलेलं सोनं साच्यात ओतताना मुशीचा चिमटा हलला, तेव्हा काकांनी स्वतःच भट्टी मुलाच्या हाती दिली.

समोर एक संशोधक मुलगी उभी आहे. ती साताऱ्याची, पीएच.डी.चं चौथं वर्ष. तिच्या पायाशी थर्माकोलचा डबा, त्यात बर्फ, बर्फात खोचलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या. काकांची नळी भरून झालीये. त्यांना वेळ लागला नाही. या आजारात लाळ गिळण्याचा वेग मंदावतो, म्हणून ती तोंडात साठून राहते.

"काकू, आता तुमची."

"माझी कशाला? मला काय झालंय?"

"काही झालं नाही म्हणूनच."

काकू नवऱ्याकडे बघतात, मग माझ्याकडे, मग पुन्हा मुलीकडे. "अगं, रोगी हे. माझी थुंकी नेऊन काय करतीस?"

मुलगी तिथेच उकिडवी बसते. वय जवळपास एक, घर एक, पाणी एक, जेवण एक. एकाला आजार आहे, एकाला नाही. दोघांची लाळ शेजारी शेजारी ठेवली तरच फरक कळेल, असं ती समजावून सांगते. काकूंच्या आधी काकांनाच ते पटतं.

"कसोटीवर नुसती आपल्या मालाची रेघ मारून भागत न्हाय," ते म्हणतात. "शेजारी चोख सोन्याची रेघ लागती. तवा टंच कळतो."

काकू संमतीपत्रावरचा हिंदी मजकूर वाचतात. नमुन्यावर नाव नसेल, फक्त क्रमांक. कधीही माघार घेता येईल. उपचारांवर परिणाम होणार नाही.

"आन् रिपोर्ट कधी मिळंल?"

"रिपोर्ट नाही मिळणार, काकू. हे संशोधन आहे."

मुलगी हे डोळ्याला डोळा देऊन सांगते, हे मला आवडतं. तीन वाक्यं फिरवून गोड करता आलं असतं. काकू थोडा वेळ गप्प राहतात. मग काका म्हणतात, "दे गं. आपल्या पाठीमागच्याला उपेगी पडंल." सही होते.

आज संकष्टी, म्हणून काकूंचं खाणं झालेलं नाही. पण चहा? चहा चालतो संकष्टीला. किती वाजता? सहाला. मग हरकत नाही, तासाभराहून जास्त झालाय. पाण्याने खळखळून चूळ भरायची, मान खाली घालून बसायचं, तोंडात आपोआप जमेल ती लाळ नळीत सोडायची. खाकरायचं नाही, कफ नको. काकू पदर तोंडापुढे धरून, भिंतीकडे वळून बसतात. पाच मिलिलिटरला दहाएक मिनिटं लागतात.

तेवढ्यात मुलगी आणखी तिघांना विचारून येते. बायकोला घेऊन आलेले एक गृहस्थ ऐकून घेतात, हो म्हणतात आणि मग ओठामागची खैनी दिसते, ते बाद. दुसरे "चहा घेऊन येतो" म्हणून गेले, ते परत आले नाहीत. तिसऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त येतं. लाळेत रक्त उतरलं की रक्तातलं सगळं लटांबर नमुन्यात येणार, म्हणून तेही बाद. डब्यात सकाळभरात चार रुग्णांच्या नळ्या आहेत आणि निरोगी फक्त काकूंची.

साडेअकराला आम्ही रिक्षातून प्रयोगशाळेत पोचतो. रस्त्यात साचलेलं पाणी, वाहनांची कोंडी. या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं इतकंच.

आधी मंद गतीचं सेंट्रिफ्यूज: पेशी, अन्नकण, जंतू तळाशी बसतात आणि वरचं नितळ पाणी उचललं जातं. मग जास्त वेग, मग 0.22 मायक्रॉनची गाळणी. गाळणीतून जे उतरतं त्यात आपल्याला हवं ते आहे: पेशींनी बाहेर सोडलेल्या पुटिका. मेदाच्या दुहेरी पडद्यात गुंडाळलेली प्रथिनं, आरएनएचे तुकडे, थोडं पाणी. यांतल्या सर्वांत लहान, एक्सोसोम नावाच्या पुटिका 30 ते 150 नॅनोमीटरच्या असतात. केसाच्या जाडीत 100 नॅनोमीटरच्या आठशे तरी मावतील.

शरीरातल्या जवळजवळ सगळ्याच पेशी या सोडतात, पण त्यांच्याकडे लक्ष जायला फार वेळ लागला. पीटर वुल्फ या ब्रिटिश संशोधकाला 1967 मध्ये रक्तातल्या बिंबाणूंपासून सुटलेले सूक्ष्म कण दिसले आणि त्याने त्यांना बिंबाणूंची धूळ म्हटलं. 1983 मध्ये माँट्रियलला रोझ जॉन्स्टन यांच्या आणि सेंट लुईसला फिलिप स्टाल यांच्या गटांनी पाहिलं की वयात येणाऱ्या तांबड्या पेशी नको असलेली प्रथिनं अशा पुटिकांत भरून बाहेर टाकतात. म्हणजे कचराच. तो कचरा नसावा, हे ठसठशीतपणे पुढे आलं 2007 मध्ये, स्वीडनच्या यान लोटवाल यांच्या गटाला या पुटिकांत आरएनए सापडलं आणि ते दुसऱ्या पेशीत जाऊन कामाला लागताना दिसलं तेव्हा. निदानासाठी मात्र कचरा असो की निरोप, दोन्ही उपयोगाचेच. आजारी पेशीने काय बाहेर टाकलं, यावरून तिच्या आत काय चाललंय याचा माग काढता येतो.

कंपवातात तो माग काढणं फार निकडीचं आहे. जेम्स पार्किन्सनने 1817 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, आणि आजही निदान होतं ते मुख्यतः डॉक्टरच्या डोळ्यांनी: चालणं बघून, हात हलवून, बोटं आपटायला लावून. हात थरथरायला लागतो तेव्हा मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो. या आजारात अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन चुकीच्या घडीत दुमडतं आणि गुठळ्या करतं. अशा गुठळ्या रुग्णांच्या लाळग्रंथींतही सापडल्यात. त्यामुळे लाळेपासून सुरुवात करणं वाटतं तितकं आडवाटेचं नाही. शिवाय त्याला सुई लागत नाही.

एम्सच्या जीवभौतिकी विभागातले डॉ. सरोज कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच वाटेवरचं काम 2023 मध्ये 'बीएमसी मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. त्यांनी लाळेतल्या पुटिकांना मेदाला चिकटणारा, चमकणारा रंग दिला आणि त्या चमकीवरून रुग्ण आणि निरोगी यांच्यातला फरक मोजला. मी जिथे उभी आहे ती प्रयोगशाळा वेगळी. प्रश्न तोच, फक्त इथे रंग न लावता प्रकाशालाच विचारायचं आहे.

अल्ट्रासेंट्रिफ्यूजची खोली थंड आहे. मुलगी समोरासमोरच्या नळ्या वजनकाट्यावर ठेवून एकमेकींशी जुळवते, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत. मग नळीच्या बाहेरच्या बाजूला मार्करने एक ठिपका काढते.

"हा कशाला?"

"गोळा इथे बसेल. दिसणार नाही, म्हणून आधीच खूण."

झाकण बंद होतं, आतली हवा उपसली जाते. गुरुत्वाकर्षणाच्या एक लाख पट जोर, तासाभराहून अधिक वेळ. आम्ही डबे उघडतो. तिच्या डब्यात कँटीनचे राजमा-चावल, माझ्याकडे मेट्रो स्टेशनबाहेरचं सँडविच. चौथ्या वर्षाला आलेल्या पीएच.डी.च्या मुलांना लग्नाबद्दल विचारू नये, एवढं मला कळतं. मी पावसाबद्दल विचारते.

"पाऊसच तर छळतो," ती म्हणते आणि मला शेजारच्या खोलीत नेते.

तिथे इन्फ्रारेडचं यंत्र आहे. रेणूंमधले बंध ठरावीक वारंवारतेने कंप पावतात आणि त्या वारंवारतेचा अवरक्त प्रकाश शोषून घेतात. कुठला प्रकाश किती गेला ते मोजलं की आत काय आहे ते कळतं. मेदाची शिखरं 2850 आणि 2920 या अंकांपाशी, प्रथिनांचं मोठं शिखर 1650 च्या आसपास. याच शिखराचा खांदा 1630 च्या बाजूला उतरू लागला तर प्रथिनं पत्र्यासारखी सपाट दुमडत असल्याचा संशय घ्यायचा, आणि सिन्युक्लिनची गुठळी तशीच दुमडलेली असते. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप तो बदल नेमका इथेच दिसणार. आणि दिल्लीच्या जुलैतल्या हवेत जी वाफ आहे, तिच्या बारीक बारीक रेघाही नेमक्या इथेच उमटतात. यंत्रातून कोरडा नायट्रोजन सोडतात. ओल शोषणारे सिलिकाचे निळे दाणे काचेच्या बरणीत ठेवतात. आज ते गुलाबी झालेत, म्हणजे भट्टीत वाळवायला हवेत. यंत्राच्या आत पोटॅशियम ब्रोमाइडच्या काचा आहेत, त्या तर ओलीने विरघळतात. खोलीतला डीह्युमिडिफायर रात्रंदिवस चालू असतो आणि त्याची बादली रोज कोण ओतणार याचं वेळापत्रक दारावर चिकटवलंय.

अडीचला रोटर थांबतो. नळीत काहीच दिसत नाही. मुलगी मार्करच्या ठिपक्यापाशी पिपेट नेते, थोडं खारं द्रावण सोडते, हलकेच वर-खाली करते. हा त्यातला एक थेंब.

थेंब आधी मोजणीच्या यंत्रात जातो. लेझर आडवा जातो आणि काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके थरथरू लागतात. पुटिकेचा आकार साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसणं शक्य नाही, प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा ती कितीतरी लहान. पण ती प्रकाश विखुरते, तो ठिपका दिसतो. लहान कण जास्त नाचतो, मोठा कमी. नाचण्यावरून संगणक आकार काढतो. बहुतेक ठिपके शंभर-सव्वाशे नॅनोमीटरच्या आसपास. मला आनंद होतो. मुलीला होत नाही.

"हे मोजमाप आकाराचं. पुटिका आहेत असं कुठे म्हणतंय ते? लाळेतले जंतू स्वतःच्या पुटिका सोडतात, त्याही याच मापाच्या. रक्तावर काम करणाऱ्यांना कोलेस्टेरॉल वाहणारे कण छळतात. ते पुटिकांपेक्षा कितीतरी जास्त असतात."

म्हणून सीडी63, सीडी81 अशी पडद्यावरची प्रथिनं वेगळी तपासायची, जी नसायला हवीत ती नाहीत ना हेही बघायचं, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चित्र घ्यायचं. सकाळी निघताना काका सराफ बाजारातल्या टंच काढणाऱ्या एक्स-रे मशीनबद्दल म्हणाले होते, "ते वरचं कातडं बघतं. आत तांबं भरलं आसलं तर फसतं. खरं काय ते आगीतच कळतं." इथली आग म्हणजे या सगळ्या कंटाळवाण्या तपासण्या. प्रकाश समोर जे असेल त्याचं इमानेइतबारे वर्णन करतो. समोर काय ठेवलंय याची जबाबदारी तो घेत नाही.

आता रामन वर्णपट. दुसरा थेंब कॅल्शियम फ्लोराइडच्या चकतीवर वाळतोय. साधी काच चालत नाही, तिचा स्वतःचा गोंगाट मोठा. दिवे मालवले जातात. आधी सिलिकॉनच्या तुकड्यावर लेझर: शिखर 520 च्या जागी आलं, यंत्र जागेवर आहे. मग चकती. 785 नॅनोमीटरचा लेझर डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, म्हणून चष्मा सक्तीचा.

नमुन्यावर पडलेल्या कोटभर फोटॉनांतला एखादाच आपली थोडी ऊर्जा रेणूला देऊन बदललेल्या रंगात परततो. त्याला गाठायचं. 28 फेब्रुवारी 1928 ला कलकत्त्यात रामन यांनी ही घटना नक्की केली तेव्हा त्यांच्यापाशी लेझर नव्हता. पाऱ्याचा दिवा होता, हातात बसेल एवढा वर्णपटदर्शक होता, आणि के. एस. कृष्णन होते. नोबेल 1930 मध्ये एकट्या रामन यांना मिळालं. कृष्णन पुढे दिल्लीला आले आणि राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले; पुसा भागात त्या प्रयोगशाळेसमोरचा रस्ता त्यांच्या नावाचा आहे. रोज हजारो गाड्या तिथून जातात. पाटी वाचणारा एखादा फोटॉन त्यांतही असेलच.

पडद्यावर रेघ उमटू लागते. एकदा घेतलं की नुसती झाडी. पुन्हा पुन्हा घेऊन बेरीज केली की झाडीतून शिखरं वर येतात. 1003 ला टोकदार एकटं, फेनिलअ‍ॅलॅनिनचं. 1445 ला मेद. 1655 ला प्रथिनं. मध्येच एक सरळसोट उंच काठी: अंतराळातून आलेला वैश्विक किरण कॅमेऱ्यावर आदळला. मुलगी ती पुसून टाकते.

संकेत इतका दुबळा असेल तर चांदीची मदत घेता येते. 1974 मध्ये साउदॅम्पटनला मार्टिन फ्लाइशमन आणि सहकाऱ्यांना खरखरीत चांदीवर बसलेल्या रेणूंचा जोरदार रामन संकेत मिळाला. हौज खासला आयआयटी दिल्लीत प्रा. जे. पी. सिंग यांचा गट तिरप्या कोनातून चांदीची वाफ सोडून नॅनोदांड्यांची शेतं उगवतो, ती याच कामासाठी. "पण चांदीला जो भाग चिकटेल तेवढाच ओरडतो," मुलगी म्हणते, "आणि ठेवून दिली की काळवंडते." कूचा महाजनीत हे कुणाला नव्याने सांगावं लागणार नाही.

साडेपाच. आता तिचे मार्गदर्शक येतात, खुर्ची ओढून बसतात. पडद्यावर आजवरच्या सगळ्या नमुन्यांचा आलेख आहे. प्रत्येक ठिपका म्हणजे एका माणसाचा वर्णपट. रुग्ण लाल, निरोगी निळे. लाल एकीकडे, निळे दुसरीकडे, मधे थोडी सरमिसळ. माझ्यासारखीला वाटतं, झालं की काम! उद्या पेपरात मथळा: लाळेच्या थेंबात कंपवात.

"रंग बदल," सर म्हणतात. "पुरुष-बायका दाखव."

ती दोन कळा दाबते. ठिपके तेच, जागा त्याच, रंग नवे. आणि विभागणी तीच! पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे. कंपवात पुरुषांत बायकांपेक्षा सुमारे दीडपट आढळतो, त्यामुळे रुग्णांत पुरुष जास्त; आणि निरोगी गटात त्यांच्या बायका. संगणकाने कंपवात शोधला की नवरा-बायको ओळखायला शिकला?

"आता महिन्याप्रमाणे." जानेवारीतले ठिपके आणि जुलैतले ठिपकेही थोडे वेगळे बसलेत. ओल.

मुलीचा चेहरा पडत नाही. हे तिला ठाऊकच होतं. म्हणून तर ती सकाळी खैनीवाल्यांच्या मागे फिरत होती. हा फक्त दिल्लीचा घोळ नव्हे. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. मुरली कृष्णा यांच्या प्रयोगशाळेने तोंडाच्या कर्करोगासाठी माणसांच्या गालाच्या आत प्रोब धरून रामन वर्णपट घेतले, तेव्हा त्यांनी वय आणि तंबाखू यांनीच वर्णपट किती बदलतो हे आधी स्वतंत्रपणे तपासलं. कामाची पद्धत अशीच असायला हवी. मथळे मागाहून.

सर वहीत लिहून देतात: साठीच्या आसपासचे निरोगी पुरुष, तंबाखू न खाणारे, हिरड्या धड असलेले, शक्यतो आजारी बायकोसोबत आलेले, आणि रुग्णांच्याच दिवशी, त्याच डब्यात, त्याच रोटरमध्ये. यंत्र आहे, लेझर आहे, गणित करणारा संगणक आहे. या यादीतली माणसं तेवढी नाहीत.

म्हणून दोन गोष्टी सांगते. लाळेवर किंवा रक्तावर प्रकाश टाकून कंपवाताचा पक्का रिपोर्ट देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर देऊ नका. अमेरिकेत लघवीतल्या एक्सोसोमवरून प्रोस्टेट कर्करोगाचा धोका सांगणारी एक चाचणी वापरात आहे, पण ती आरएनए मोजते. प्रकाशाचं हे काम अजून प्रयोगशाळेतच आहे. आणि दुसरी गोष्ट खास पुरुषांसाठी. बायकोला घेऊन एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत बसला असाल आणि बर्फाचा डबा घेऊन कुणी मुलगी समोर आली, तर तिचा कागद नीट वाचा, शंका असतील त्या विचारा, आणि पटलं तर पाच मिलिलिटर देऊन मग चहाला जा. फक्त त्याआधी तासभर तोंडात काही नको, आणि तंबाखू तर नकोच.